तंबूनिवास, पाणफुगवट्याकाठचा (सातारा जिल्हा)

धरणाच्या पाणफुगवट्याकाठी, म्हणजे धरणामागे अडून पसरलेल्या पाण्याच्या काठी, मुख्यतः पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, पैसे घेऊन चालवली जाणारी तंबूतील मुक्कामाची सोय. साध्या दोन माणसांच्या घुमटाकार तंबूपासून पलंग, वीज आणि जोडून न्हाणीघर असलेल्या मोठ्या 'स्विस' तंबूपर्यंत तिचे प्रकार आढळतात. यातल्या सुखसोयींच्या प्रकाराला ग्लॅम्पिंग म्हणतात. 'ग्लॅमरस' आणि 'कॅम्पिंग' यांच्या जोडातून झालेला हा शब्द एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाला आणि 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात आला. मराठीत त्याला प्रतिशब्द रुळलेला नाही. बोलताना लोक सरसकट 'टेंट' म्हणतात.

शब्द : जुन्या मराठीत कापडी निवाऱ्यासाठी शब्दांची वाण नाही. तंबू, डेरा, राहुटी, शामियाना, पाल हे सगळे शब्द वेगवेगळ्या आकारांचे आणि वेगवेगळ्या ऐपतीचे. यांतला राहुटी हा शब्द 'राहणे' या क्रियापदावरून आला असे सहज वाटते. परंतु हिंदीत त्याच अर्थाचा 'रावटी' हा शब्द आहे. त्यामुळे केवळ मराठी क्रियापदापाशी थांबणारी व्युत्पत्ती अपुरी पडते आणि दोन्ही शब्दांचे मूळ एकत्रच शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. डेरा हा सरदाराचा, पाल हे भटक्याचे. 'पाल ठोकणे' या प्रयोगात आजही गरिबीचा अर्थ आहे. ऊसतोड कामगार राहतात ती कोपी तर तंबूतही मोजली जात नाही. आजच्या पर्यटन-तंबूला यांपैकी एकही शब्द चिकटला नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

पूर्वपीठिका : या प्रथेचा आरंभ कुठे धरावा याविषयी एकवाक्यता नाही. काही जण तो लष्करी छावणीपर्यंत मागे नेतात. 1699–1700 मध्ये औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला तेव्हा साताऱ्याच्या परिसरात तंबूंचे शहरच उभे राहिले होते. दुसरे मत इंग्रजी अमदानीतील साहेबांच्या फिरतीच्या मुक्कामाकडे आणि 1820 च्या दशकाअखेरीस वसलेल्या महाबळेश्वरच्या आरोग्यस्थानाकडे बोट दाखवते. दोन्हींत तंबू आहे, पण पाहुणा नाही. छावणी हुकमाने पडते, साहेबाचा मुक्काम सरकारी कामाचा असतो. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्या गिर्यारोहकांना कोयना जलाशयाकाठच्या बामणोलीत रात्र काढावी लागे, त्या गरजेतून ही सोय वाढली हे तिसरे मत अधिक पटते. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, तिथे मुक्कामाला परवानगी नाही आणि किल्ल्याकडे जाणारी लाँच सकाळीच पकडावी लागते. साहजिकच आदल्या रात्रीचा मुक्काम काठावरच्या गावात होई. व्यवसाय म्हणून त्याला आलेला जोर मात्र साधारणतः 2010 नंतरचा मानावा लागेल.

स्थाने : सर्वांत मोठे क्षेत्र शिवसागराचे. कोयनेवरील 103 मीटर उंचीच्या धरणामुळे झालेला हा जलाशय सुमारे 50 किलोमीटर लांब असून त्याची क्षमता 105 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे. महाबळेश्वरच्या बाजूने तापोळा आणि कासच्या बाजूने बामणोली ही त्याची दोन दारे. तापोळ्यापाशी सोळशीचे खोरे कोयनेला मिळते, म्हणून तिथे पाणी बोटांसारखे अनेक दऱ्यांत शिरलेले दिसते. याला कोणी 'त्रिभुज प्रदेश' म्हणत असेल तर ते चूक आहे. त्रिभुज प्रदेश नदीने गाळ टाकून मुखाशी घडवलेला असतो, आणि कृष्णेचा तो प्रदेश आंध्रात आहे. इथे नदीने नवी जमीन दिलेली नाही, उलट होती ती बुडाली आहे. कृष्णेवरील धोम, वेण्णेवरील कण्हेर आणि सज्जनगडाच्या पायथ्याची उरमोडी या जलाशयांच्या काठीही अशी सोय आढळते.

पाण्याची पातळी : तंबू कुठे लागणार हे मालक नव्हे, जलाशयाची पातळी ठरवते. कोयनेचे तांत्रिक वर्ष, म्हणजे पाण्याच्या हिशेबाचे वर्ष, 1 जूनला सुरू होते. पावसाळ्याअखेर धरण भरले की पाणी सुमारे 2163 फुटांना टेकते, आणि तिथून पुढे मे महिन्यापर्यंत पातळी उतरतच जाते. हे पाणी पूर्वेला सिंचनासाठी सुटते, पण मोठा वाटा बोगद्यांतून पश्चिमेला, वीजनिर्मितीसाठी कोकणात उतरतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेकडील वापराला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. 13 मार्च 1999 आणि 25 एप्रिल 2012 रोजी जलाशयाच्या तळाशी स्फोट घडवून, म्हणजे लेक टॅपिंगने, खालच्या पातळीवरून पाणी घेण्याची सोय झाली. त्यामुळे उन्हाळ्यात जलाशय पूर्वीपेक्षा अधिक खाली नेता येतो.

काठावर याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. उतार दहाला एक असेल तर पातळी एक मीटर उतरताच पाणी दहा मीटर मागे जाते. ऑक्टोबरात तंबूच्या दारातून पाण्यात पाय बुडतात, एप्रिलमध्ये त्याच दारातून पाण्यापर्यंत तांबड्या मातीचा लांब उतार चालावा लागतो. त्या उतारावर पाणी टप्प्याटप्प्याने ओसरल्याच्या आडव्या रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक उमटलेल्या असतात. मध्येच एखादा वाळलेला बुंधा किंवा जुन्या बांधाचे दगड वर येतात. ही उघडी पडणारी पट्टी म्हणजे गाळपेर जमीन. ती जलसंपदा खात्याची असते आणि हंगामापुरती कसायला दिली जाते. तिच्यावर पक्के बांधकाम करता येत नाही. पर्यटक ज्याला 'लेक व्ह्यू' म्हणतात त्याखाली कोणाचे तरी भाताचे खाचर आहे. या नोंदीत एवढे तरी आलेच पाहिजे.

उभारणी : सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी सपाटीवर, जांभा दगड असल्याने मेख ठोकली तर वाकते. म्हणून तणावाचे दोर दगडांना बांधतात किंवा दगडी चौथरा घालून त्यात लोखंडी कड्या पुरतात. मोकळ्या पाण्यावरून येणारा वारा दुपारनंतर वाढतो. त्यामुळे जाणते लोक दार वाऱ्याच्या आड करतात, देखाव्याकडे नव्हे. हिवाळ्यात पहाटे बाहेरचे कापड दहिवराने इतके ओले होते की झिप उघडताच मानेवर थेंबांची ओळ पडते. दोन कापडांत वीतभर पोकळी ठेवली नाही तर आतले अंथरूणही ओलसर लागते. पलंग-पंखा असलेल्या तंबूंचे छत मात्र लोखंडी सांगाड्यावर असते.

कॅराव्हॅन : राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. सातारा जिल्ह्यात मात्र निवासी वाहन मुख्यतः पुणे–बंगळूर महामार्गालगत किंवा धोम-कण्हेरसारख्या सपाट रस्त्याच्या जागीच सोयीचे ठरते. तापोळ्याचा घाट अरुंद आणि वळणांचा आहे.

नियम आणि लोक : महाबळेश्वर–पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि कास पठार 2012 च्या जागतिक वारसा यादीत आले. म्हणजे काठाचा बराच भाग कुठल्या ना कुठल्या बंधनाखाली आहे, आणि ती बंधने हवीतच. रात्रीचे ध्वनिवर्धक आणि झाडांवरचे दिवे वन्यजीवांना जाचतात. दुसरीकडे, धरण झाले तेव्हा काही गावे सोलापूर, सांगली, कोकणाकडे हलवली गेली, तर काही माणसे तिथेच डोंगर चढून वर राहिली. त्यांची पुढची पिढी कामाला मुंबईत गेली. यांतलेच काही आता परतून तंबू, होडी आणि चुलीवरच्या नाचणीच्या भाकरीवर घर चालवतात. नियम आखताना बाहेरून आलेला गुंतवणूकदार आणि हा धरणग्रस्त यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

सांगली जिल्हा : वारणेवरील वसंतसागराला (34 टीएमसी) चांदोलीचे जंगल लागून असल्याने काठावर मुक्कामाला फारसा वाव नाही. कृष्णाकाठची मळी सपाट आणि सुपीक आहे, परंतु 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत ती पाण्याखाली गेली. तिथे नदीकाठी तंबू लावायचा झाला तरी तो हिवाळ्या-उन्हाळ्यापुरताच.