क्लास मीटिंग (मेथडिस्ट)

क्लास मीटिंग म्हणजे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथातल्या ख्रिस्ती लोकांची आठवड्यातून एकदा भरणारी छोटी बैठक, साधारण बारा जणांची, जिथे प्रत्येकाला एकेक करून विचारलं जायचं की गेल्या आठवड्यात तुझं देवाबरोबर कसं चाललं, कुठे घसरलास, कुठे सावरलास. नावावरून ट्यूशन डोळ्यासमोर येते पण तसलं काही नाही, इथे क्लास म्हणजे नुसता गट. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १७४२ साली हे सुरू झालं, जॉन वेस्ली (१७०३–१७९१) या अँग्लिकन पाळकाच्या देखरेखीखाली, आणि पुढची शंभरेक वर्षं मेथडिस्ट म्हणजे कुठल्या तरी क्लासच्या वहीत नाव असलेला माणूस असा सरळ हिशोब होता. उपदेश ऐकायला कोणीही यावं, पण मेंबर म्हणवून घ्यायचं तर क्लास चुकवून चालायचं नाही.

विश्वासात वाढा, आज्ञापालन करा हे सगळ्याच मंडळ्यांत रविवारी सांगतात. ऐकताना पटतंही. गाडी अडते ती सोमवारी, कारण सोमवारी कोणी विचारायलाच येत नाही. वेस्लीच्या चळवळीत हे विचारणारं माणूस नेमलं गेलं, आणि गंमत म्हणजे ते मुळात नेमलं होतं पैसे गोळा करायला.

झालं असं की १७३९ मध्ये ब्रिस्टलला 'न्यू रूम' नावाची प्रार्थनेची इमारत बांधायला घेतली आणि तिचं कर्ज अंगावर राहिलं. १५ फेब्रुवारी १७४२ ला ते कसं फेडायचं यावर बैठक बसली. फॉय नावाचा एक कॅप्टन होता, तो म्हणाला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हटलं, अहो निम्म्या लोकांना तेवढंही परवडायचं नाही. तर फॉय म्हणाला, सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला देता येणार नाही त्याचे मी भरीन. मग बाकीच्यांनीही तसेच गट घेतले. थोडक्यात आपल्याकडची भिशी असते तसा मामला, फक्त नंबर कोणाचा लागत नव्हता, सगळं कर्जात जायचं.

आता पेनी मागायला दर आठवड्याला घरी गेलं की घरातलं दिसतंच. वसुलीवाले परत येऊन सांगायला लागले की अमका प्यायलेला सापडला, तमका बायकोशी भांडत होता. वेस्लीच्या लगेच लक्षात आलं की आपल्याला इतके दिवस हवं होतं ते हेच, कारण लोक हजारोंनी ऐकायला येत होते, रडत होते, पश्चात्ताप करत होते, आणि नंतर त्यांचं काय होतं हे एका माणसाला बघणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनमध्येही तीच पद्धत लागू झाली.

सुरुवातीला लीडर, म्हणजे गटाचा प्रमुख, घरोघरी फिरायचा, पण ते फार दिवस टिकलं नाही. एक तर बारा घरं फिरायला वेळ लागतो. शिवाय बरेच मेंबर दुसऱ्याच्या घरी नोकर, मालक-मालकीण भेटूच द्यायचे नाहीत, आणि भेटू दिलं तरी चारचौघांत मनातलं कोण बोलणार. दोघांची आपसात भांडणं असली तर एक जण एक सांगायचा, दुसरा दुसरंच, समोरासमोर आणल्याशिवाय उलगडा व्हायचा नाही. म्हणून मग सगळ्यांना एका ठिकाणी बोलवायचं ठरलं. आधी घरभेट आणि त्यातून बैठक असा हा क्रम आहे, आणि बैठकीत मोघम आध्यात्मिक बोलणं का चालायचं नाही ते यावरून कळतं. लीडरने तुमचं घर पाहिलेलं असायचं.

या सगळ्याच्या मागे वेस्लीची आई सुझॅना हिचाही हात आहे असं मला वाटतं. लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावात पाळकाची बायको, भरलेलं घर, पदरात बरीच मुलं. १७१२ च्या सुमारास तिच्या वाचनात तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनऱ्यांची हकीकत आली, म्हणजे आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावर १७०६ मध्ये उतरलेले झिगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ, आणि ती वाचून तिला वाटलं की मी मिशनरी नाही पण घरातल्यांसाठी तरी काही करीन. म्हणून तिने दर संध्याकाळी एका मुलाशी एकट्याने बसून बोलायचं ठरवलं. जॉनचा वार गुरुवार. पुढे मोठा होऊन कॉलेजात शिकवायला लागल्यावरही त्याला त्या गुरुवारची आठवण यायची, तसं त्याने आईला लिहिलंय. क्लास मीटिंगच्या इतिहासात बहुतेक जण हा धागा नुसता उल्लेखून पुढे जातात, पण आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी कोणीतरी फक्त तुझीच विचारपूस करणार ही कल्पना त्याला लहानपणीच मिळालेली होती. मधल्या काळातले दुवे म्हणजे ऑक्सफर्डमधला १७२९ पासूनचा 'होली क्लब' (बुधवार-शुक्रवार उपास, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटणं, यावरूनच 'मेथडिस्ट' हे चिडवायचं नाव पडलं) आणि मोरेव्हियन या जर्मन प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांकडून घेतलेले 'बँड'.

बँड आणि क्लास यात लोक घोळ करतात. बँड त्याहून छोटा, पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा, लग्न झालेल्यांचा वेगळा, आणि तो ऐच्छिक. याकोबाच्या पत्रात (५:१६) आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा असं आहे, त्यावर तो उभा होता. १७३८ च्या डिसेंबरात वेस्लीने त्याचे प्रश्न लिहून काढले ते आजही वाचताना घाम फुटतो: मागच्या भेटीनंतर माहीत असून कोणतं पाप केलंस, कोणता मोह आला, त्यातून कसा सुटलास, असं काय बोललास किंवा केलंस की ज्याबद्दल ते पाप आहे का नाही अशी तुलाच शंका आहे. क्लासमध्ये इतकं खोल जायचे नाहीत. तिथे गरीब-श्रीमंत, बाप्ये-बायका, नवे-जुने सगळे एकत्र, आणि यायला एकच अट, की देवाच्या येणाऱ्या क्रोधापासून पळण्याची आणि आपल्या पापांपासून सुटण्याची इच्छा हवी. विश्वास पक्का हवा अशी अट नव्हती, हे महत्त्वाचं. म्हणजे अजून काही अनुभव आलेला नाही, नुसती ओढ आहे, असाही माणूस आत यायचा आणि तिथे बसूनच विश्वासात यायचा, हे फार जणांच्या बाबतीत घडलं.

पण ती इच्छा खरी आहे का हे वागण्यात दिसलं पाहिजे, म्हणून १ मे १७४३ ला जॉन आणि त्याचा भाऊ चार्ल्स यांनी सही करून 'जनरल रूल्स' काढले. तीन नियम: वाईट करू नका, चांगलं करा, देवाने दिलेल्या साधनांना (उपासना, वचन, प्रभुभोजन, प्रार्थना, उपास) धरून राहा. हे तीन तर कोणीही सांगेल. खरी मजा त्याखालच्या यादीत आहे. दारू घेऊ-विकू-पिऊ नका इथपर्यंत ठीक, पण जकात चुकवलेला माल घेऊ-विकू नका असंही आहे, आणि ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर होतं जिथे चोरटा चहा नि ब्रँडी घरोघरी यायची आणि त्यात कोणाला काही वाटायचं नाही. खरेदी-विक्री करताना फार घासाघीस करू नका. फेडायची शक्यता नसेल तर कर्ज काढू नका, परत करता येणार नसेल तर उधारीवर माल उचलू नका. भावाने भावावर कोर्टात जाऊ नये. सोनं आणि भारी कपडे नकोत. आज्ञापालन म्हणजे या मंडळींच्या लेखी बाजारात, घरात, दुकानाच्या गल्ल्यावर काय करता ते, आणि पवित्रीकरण (माणूस हळूहळू पवित्र होत जाणं) हा भारी शब्द या असल्या बारीकसारीक गोष्टींतून चालत यायचा.

नियम मोडले की काढून टाकायचे, हेही खरं. १७४३ च्या मार्चमध्ये वेस्ली न्यूकॅसलच्या सोसायटीची, म्हणजे तिथल्या मेथडिस्ट मंडळीची, तपासणी करत होता, त्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे आणि ती मुळातून बघण्यासारखी आहे. ६४ जणांना काढलं होतं: दारूपायी १७, शिवीगाळ २, शब्बाथ मोडणं २, दारू विकणं २, भांडणं-मारामारी ३, बायकोला मारणं १, सवयीने खोटं बोलणं ३, निंदानालस्ती ४, आळस १, आणि उरलेले २९ नुसता हलगर्जीपणा, कशातच गांभीर्य नाही म्हणून. म्हणजे सगळ्यात मोठा आकडा कुठल्या भयंकर पापाचा नाही तर चलता है म्हणणाऱ्यांचा.

शिवाय ७६ जण आपणहून सोडून गेले होते आणि वेस्लीने त्यांचीही कारणं विचारून लिहून ठेवली. ९ जणांना लोक हसतात हे सहन होईना, १२ जणांच्या आईबापांना पसंत नव्हतं, ५ जणांना मालक सोडेनात, तिघांना वेळ नव्हता, तिघांना भीती की गरिबांना मिळणारी मदत बंद होईल, दोघांना लांब पडत होतं, दोघांनी तर सोडलं कारण अमुक एक माणूस तिथे येतो (नाव दिलंय बिचाऱ्याचं), आणि एकाचं म्हणणं की देवाची सेवा करायला अजून भरपूर वेळ आहे. कुठल्याही मंडळीच्या पाळकाला दाखवा, म्हणेल ही माझ्याच चर्चची यादी आहे.

बैठकीचा क्रम साधा असायचा, तासाभरात उरकायचा. गीत, छोटी प्रार्थना, मग लीडर आधी स्वतःचं सांगणार, आठवडा कसा गेला, चुकलं काय. हे आधी स्वतःचं सांगणं फार कामाचं, कारण त्यानंतर इतरांना लाज कमी वाटते. मग एकेकाला विचारायचं आणि ज्याला जे लागेल ते, म्हणजे कोणाला सल्ला, कोणाला कानउघाडणी, कोणाला धीर. शेवटी पैसे. जो आला नाही त्याची चौकशी करायला लीडर जाणार, आणि दर आठवड्याला पाळकाला आजारी कोण, बिघडलेलं कोण हे कळवणार. तीन महिन्यांनी पाळक स्वतः एकेकाशी बोलून नवं तिकीट द्यायचा, छापील, वर बायबलचं वचन. तिकीट मिळालं नाही म्हणजे गप्पपणे नाव कमी झालं, त्यामुळे चारचौघांत तमाशा व्हायचा नाही. ही तिकिटं लोक जपून ठेवायचे, म्हणून अजूनही इंग्लंडच्या संग्रहांत भरपूर सापडतात.

लीडर व्हायला शिक्षण लागत नव्हतं. कारागीर, दुकानदार, मोलकरणी सुद्धा. बायका मोठ्या संख्येने लीडर होत्या, ज्या काळात चर्चमध्ये बाईने तोंड उघडायचं नाही अशी पद्धत होती. सेरा क्रॉस्बी १७६१ मध्ये डर्बीला तिचा क्लास घ्यायला गेली, अपेक्षा तिसेक लोकांची, आले जवळजवळ दोनशे, आता प्रत्येकाला विचारत बसणं शक्य नाही म्हणून तिने सगळ्यांना मिळून सांगितलं आणि तो व्यवहारात उपदेशच झाला. वेस्लीने तिला थांबवलं नाही, आणि मेथडिस्टांतल्या बायका उपदेशकांची गोष्ट बहुधा इथूनच सुरू करतात.

टीका तेव्हाही होती. आधी असं काही नव्हतं, आता कशाला, असं जुने मेंबर म्हणायचे. कोणी म्हणे ही हेरगिरी आहे, कोणी म्हणे कॅथलिक लोकांच्या पापकबुलीचा नवा अवतार. हेरगिरीचा आरोप पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. छोट्या गावात लीडर खडूस निघाला तर त्या बारा जणांचे हालच. तरी निकाल बघितला तर त्याच काळातला उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड वेस्लीपेक्षा मोठा वक्ता, त्याला ऐकायला मैदानं भरायची, पण त्याने लोकांना असं बांधलं नाही, आणि म्हातारपणी तो म्हणाला म्हणतात की माझी माणसं म्हणजे वाळूची दोरी झाली. वेस्ली १७९१ मध्ये वारला तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंड मिळून ७० हजारांवर मेंबर होते.

एकोणिसाव्या शतकात हे हळूहळू ढिलं पडलं. चर्चं मोठी झाली, पाळक गावातच राहायला लागले, संडे स्कूल आलं, मेंबर सुखवस्तू झाले आणि सुखवस्तू माणसाला आठवडा कसा गेला हे विचारलेलं आवडत नाही. काही लीडर वर्षानुवर्षं तेच, त्यांचे प्रश्नही तेच नि लोकांची उत्तरंही पाठ झालेली. अमेरिकेत त्या शतकाच्या उत्तरार्धात क्लासची सक्ती गेली.

मुंबईशी याचा संबंध थेट आहे. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट मुंबईत आला, अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांबरोबर सभा घेतल्या, आणि ज्यांच्यात बदल झाला त्यांचे घरोघरी छोटे गट बांधले, अगदी वेस्लीच्या पठडीत. त्या गटांनीच मग आमचं चर्च काढा म्हणून मागणी केली. मिशनचा पैसा घ्यायचा नाही, लोकांनी आपलं आपण चालवायचं, हा टेलरचा हट्ट. त्याला साथ मिळाली जॉर्ज बोवेनची, जो १८४८ पासून मुंबईत होता, मिशनचा पगार सोडून अगदी साधेपणाने राहायचा आणि 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवायचा. मुंबईतलं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. पुण्यात याच चळवळीच्या सभांतून सर्व्हे खात्यातला विल्यम ओल्डहॅम विश्वासात आला, ज्याने पुढे १८८६ मध्ये सिंगापूरला अँग्लो-चायनीज स्कूल काढली.

१९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट त्यात गेले, अमेरिकन परंपरेतले ऐनवेळी बाहेर राहिले आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र झाले. आज महाराष्ट्रात मेथडिस्ट काय किंवा बाकीचे प्रोटेस्टंट काय, आठवड्यातल्या मधल्या दिवशी कोणाच्या तरी घरी भरते ती कॉटेज मीटिंग. पेटी-ढोलकीवर गीतं, वचन, पाळकांचा संदेश, मग प्रार्थनेचे विषय, त्यात आजारपण, पोरांच्या परीक्षा, नोकरी, कोर्टाची केस, आणि शेवटी चहा-पोहे. प्रेमाची गोष्ट आहे यात वाद नाही, संकटात हीच माणसं धावून येतात. पण तिला क्लास मीटिंगचा वारस म्हणणं जरा जास्त होईल, कारण तिथे आलेल्याला तुझ्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे हे सगळे विचारतात, भावाबरोबरचं शेताचं भांडण मिटवलंस का हे कोणी विचारत नाही. काही शहरी मंडळ्यांत तरुणांचे चार-पाच जणांचे गट आहेत, व्हॉट्सॲपवर रोज वचन नि आठवड्याला एक भेट, एकमेकांना जाब विचारायचा असं आपसात ठरवलेलं, आणि वेस्लीचं नाव त्यातल्या बऱ्याच जणांना माहीतही नसतं.