बाल कल्याण समिती आणि बाल न्याय मंडळ: एका घटनेतली दोन मुले, दोन दारे

‘निरीक्षण गृह / बालगृह’ अशी जोडपाटी लावलेली इमारत जिल्ह्याच्या गावी पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याच आवारात बाल कल्याण समितीची बैठक होते आणि त्याच आवारात, कधी अगदी शेजारच्या खोलीत, बाल न्याय मंडळ बसते. दोन्ही संस्था २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखालच्या आहेत, दोन्हीकडे पोलीस कागद पाठवतात आणि दोन्हींच्या नावात ‘बाल’ आहे. त्यामुळे पहाटेच्या एसटीने खेड्यातून आलेला माणूस भलत्याच दारासमोर दोन-दोन तास बसून राहतो, हे विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना मी अनेकदा पाहिले आहे.

त्यातला एक प्रसंग, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, सांगतो. यवतमाळकडच्या एका गावातल्या दोन जावा एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मधल्या जागेत दोघींचा मिळून आणलेला एकच डबा होता. एकीची मुलगी आठ वर्षांची, दुसरीचा मुलगा चौदाचा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची मोठी माणसे वावरात असताना मुलाने चुलत बहिणीवर लैंगिक अत्याचार केला होता. मुलीने ते शाळेतल्या बाईंना सांगितले आणि बाईंनी पोलिसांना कळवले. मुलाच्या आईने रेशनकार्डाच्या प्लास्टिक खोळीत घडी करून ठेवलेला कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, “भाऊ, आमच्या पोराले जेलात टाकतीन का?” दुसरीने मान वर न करता एवढेच म्हटले, “लेकरं तं दोन्ही घरचेच हायेत.”

या दोघींची दारे वेगळी होती.

मुलीचे दार बाल कल्याण समितीचे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकां’साठी आहे. दोषी कोण, हा प्रश्न तिच्यापुढे नसतोच. या मुलीला आज रात्री कुठे सुरक्षित वाटेल, तिला कोणते उपचार हवेत, तिची शाळा कशी चालू राहील, एवढेच समिती विचारते. पोक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ प्रमाणे, पोलिसांनी अशा घटनेची खबर चोवीस तासांच्या आत समितीला आणि विशेष न्यायालयाला द्यायची असते. आरोप असलेली व्यक्ती त्याच घरात राहणारी असेल, तर पोलीस मुलीला समितीपुढे हजर करतात आणि तिला घरातच ठेवायचे की काही काळ दुसरीकडे, हे समितीला तीन दिवसांत ठरवावे लागते. एकत्र कुटुंबात हा निर्णय कळीचा ठरतो. माझे स्पष्ट मत असे की, घर सोडायचे झाले तर ते मुलीने सोडू नये. मुलाला मामाच्या गावी ठेवण्याची तयारी कुटुंबाने दाखवली, तर मंडळाला आणि समितीला दोघांनाही मार्ग काढणे सोपे जाते. मुलीलाच आजोळी धाडले की तिला ती शिक्षा वाटते.

समिती मुलीला साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. या तरतुदीचा उपयोग आपल्याकडे फार कमी कुटुंबे करून घेतात. ही व्यक्ती वकील नसते आणि पोलीसही नसते. तपासात आणि सुनावणीत ती मुलीसोबत राहते, प्रकरण कुठवर आले ते पालकांना सांगते, आणि गुप्तता पाळणे तिच्यावर बंधनकारक असते. औषध, कपडे, प्रवास यांसाठी तातडीच्या मदतीची शिफारसही समिती करू शकते, आणि रोजंदारी बुडवून जिल्ह्याला येणाऱ्या घरासाठी ही मदत लहान नसते. नुकसानभरपाई मात्र समिती देत नाही. त्यासाठी २०१३ पासून चालू असलेली मनोधैर्य योजना आहे. प्रकरण तिच्या निकषांत बसत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी. वकीलही तिथूनच मोफत मिळतो, आणि बालकांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नसते.

मुलाचे दार बाल न्याय मंडळाचे. पोक्सोच्या कलम ३४ नुसार अपराध अठराखालच्या मुलाने केला असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय अधिनियमाखालीच चालते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी किमान एक महिला. उंच चौथरा आणि आरोपीचा पिंजरा तिथे नसतो. इथल्या भाषेत मूल ‘आरोपी’ होत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होते. शब्द बोजड आहे, पण तो मुद्दाम योजलेला आहे. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. जामीन हा नियम आहे. सुटल्यामुळे तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे वाटण्यास सबळ कारण असेल तरच तो नाकारला जातो आणि तेव्हा मुलगा निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असलेल्या मुलांसाठीच्या गृहात, राहतो. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी आणि शाळेत चौकशी करून सामाजिक तपासणी अहवाल देतो. घरच्यांनी त्याच्यापासून काही लपवू नये, कारण मुलाला कोणत्या मदतीची गरज आहे हे मंडळाला मुख्यतः त्या अहवालातूनच कळते.

म्हणून त्या आईला मी सांगितले की चौदाव्या वर्षी तुरुंगाचा प्रश्नच येत नाही. अपराध सिद्ध झाला तर मंडळ समज देऊन सोडू शकते, गट-समुपदेशनाला बसवू शकते, सामाजिक सेवा करायला लावू शकते, परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, पालकांकडे देऊ शकते, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात, म्हणजे अपराध सिद्ध झालेल्या मुलांच्या सुधारगृहात, पाठवू शकते. वय इथे फार महत्त्वाचे असते. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य कायद्याने अपराधच नसते आणि सात ते बारा या वयात मुलाची समज किती परिपक्व होती ते पाहिले जाते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेचा, म्हणजे ‘निर्घृण’ गणलेला अपराध असेल, तर मात्र मंडळ प्राथमिक मूल्यनिर्धारण करते, म्हणजे मुलाची समज आणि क्षमता तपासते, आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे मंडळाहून वेगळ्या, सत्र न्यायालयाच्या पातळीवरच्या न्यायालयाकडे, जाऊ शकते. वयाचा पहिला पुरावा म्हणजे शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र आणि ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधारकार्डावरच्या तारखेवर विसंबून कोणी निश्चिंत राहू नये.

दोन्ही दारांमध्ये जाण्यायेण्याची वाटही आहे. अत्याचार करणाऱ्या मुलावरच पूर्वी कोणी अत्याचार केला होता, हे चौकशीत पुढे येते तेव्हा मंडळ त्याला काळजी व संरक्षणासाठी समितीकडे पाठवू शकते. एकच मूल दोन्ही व्याख्यांत बसू शकते, हे गावाला पटवणे सर्वांत कठीण जाते.

समुपदेशन हा शब्द दोन्हीकडे ऐकू येतो आणि खरा घोळ तिथे होतो. मुलीच्या समुपदेशकाचे काम पुरावा गोळा करण्याचे नसते. तिला पुन्हा पुन्हा ‘काय झालं ते सांग’ असे विचारणे हा उपचार नव्हे. झोप, भीती, शाळेत जाण्याची टाळाटाळ, अंगाला हात लावू न देणे, यांवर तिथे हळूहळू काम होते, आणि पालकांनाही, विशेषतः स्वतःला दोष देणाऱ्या आईला, वेगळा वेळ दिला जातो. मुलाच्या समुपदेशनात त्याने केलेल्या गोष्टीची जबाबदारी हा विषय टाळला जात नाही. दुसऱ्याच्या शरीराची मर्यादा, संमती, मोबाइलवर काय पाहिले गेले, हे सगळे तिथे निघते. दोघांना एकाच खोलीत, एकाच समुपदेशकापुढे बसवून ‘माफी माग’ म्हणायला लावू नये. त्यातून फक्त मोठ्यांचे समाधान होते. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय आहे. फोनवर बोलायचे तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक आहेत.

आता गावातल्या बैठकीबद्दल. देवळासमोर चार शहाणी माणसे जमतात, मुलाच्या बापाला दंड लावतात, मुलीच्या बापाला ‘घरची इज्जत घरात ठेवा’ म्हणतात आणि विषय मिटला असे जाहीर करतात. कायद्यापुढे यातून काहीच मिटत नाही, कारण पोक्सोखालचे अपराध तडजोडीने संपवता येत नाहीत. घटना ठाऊक असून पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र अपराध आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते; न कळवणारे मूल असेल तर त्याला ही शिक्षा लागू नाही. सरपंच, शिक्षक, डॉक्टर आणि नातेवाईक, कोणीही यातून सुटत नाही.

मुलीच्या घरच्यांना पोलीस ठाण्याची धास्ती असते. तिचा जबाब घरी किंवा तिला बरे वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टर करते, आई किंवा मुलीचा विश्वास असलेली दुसरी व्यक्ती सोबत राहू शकते, आणि गुन्हा नोंदला गेला नसला तरी तपासणी व उपचार नाकारता येत नाहीत.

मुलाच्या घरच्यांची भीती पुढच्या आयुष्याची असते: पोलीस भरती, नोकरी, लग्न. मंडळाने निकाली काढलेल्या प्रकरणामुळे त्याला कोणतीही अपात्रता चिकटत नाही, आणि प्रकरण संपल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी त्याची नोंद उघड करायची नसते. बाल न्यायालयात गेलेल्या सोळा वर्षांवरील मुलाला मात्र हे संरक्षण तसेच्या तसे मिळत नाही. दोन्ही मुलांची नावे, गाव, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करणे कायद्याने बंद आहे, मग ते वर्तमानपत्र असो वा गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप.

त्या दिवशी समितीने मुलीच्या आईला आत बोलावले तेव्हा अकरा वाजले होते. मंडळाचा पुकारा दुपारी झाला. दोघींना पुढच्या तारखा वेगवेगळ्या मिळाल्या. मी त्या तारखा दोन वेगळ्या कागदांवर लिहिल्या, प्रत्येकीच्या कागदावर खोलीचा क्रमांक आणि ‘समिती’ किंवा ‘मंडळ’ असे ठळक अक्षरांत घातले. मुलाच्या आईने आपला कागद रेशनकार्डाच्या खोळीत सरकवला आणि डबा उघडून अर्ध्या भाकरी जावेपुढे ठेवल्या.