आकड्यांत न दिसणारा गार्ड: एव्हन मॅथिसच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

11 जून 2015 रोजी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सनी आपला लेफ्ट गार्ड एव्हन मॅथिस याला संघातून काढलं. 2013 च्या हंगामासाठी असोसिएटेड प्रेसने त्याला ऑल-प्रोच्या पहिल्या संघात घेतलं होतं. म्हणजे अख्ख्या एनएफएलमधल्या दोन सर्वोत्तम गार्डांत त्याची गणना झाली होती. 2014 च्या हंगामानंतर तो सलग दुसऱ्यांदा प्रो बोल या तारांकित खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. करारातली दोन वर्षं अजून शिल्लक होती. तरीही सराव शिबिरं तोंडावर आलेली असताना तो नव्या संघाच्या शोधात निघाला.

कारण पैशांचं होतं. मॅथिसला पगार वाढवून हवा होता, त्यासाठी तो ऐच्छिक सरावापासून दूर राहिला होता, आणि प्रशिक्षक चिप केली यांना ते मान्य नव्हतं. पण हे झालं वरवरचं उत्तर. इतका चांगला गार्ड इतक्या सहज का सोडता येतो, आणि तो मुळात वयाच्या तिशीपर्यंत संघामागून संघ का बदलत राहिला, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी त्याच्या कामाबद्दल. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक संघाचे पाच लाइनमन प्रत्येक चालीत सर्वांत पुढे ठाण मांडतात: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असेल तर त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अडवायचं. रनिंग बॅक पळणार असेल तर त्याला वाट करून द्यायची. सामान्यपणे हे पाचजण चेंडू हातात घेत नाहीत. सेंटर तेवढा चाल सुरू करताना तो मागे देतो. त्यांच्या नावापुढे यार्ड नाहीत, टचडाउन नाहीत. पळणाऱ्याने 1,600 यार्ड काढले की ते त्याच्या नावावर लागतात. गार्डचा उल्लेख होतो तो बहुधा पेनल्टी झाली किंवा क्वार्टरबॅक आडवा झाला तेव्हा. मॅथिसच्या पहिल्या सहा वर्षांची किल्ली मला इथे दिसते. ज्याचं काम मोजलंच जात नाही, त्याची किंमत त्या त्या प्रशिक्षकाच्या नजरेवर ठरते, आणि प्रशिक्षक बदलला की किंमतही बदलते.

मॅथिस अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, जन्म 1981 चा. अलाबामा विद्यापीठाकडून खेळल्यावर 2005 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, कॅरोलायना पँथर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत, 79 व्या क्रमांकावर घेतलं. 2006 मध्ये तो त्यांचा नियमित राइट गार्ड होता. पुढच्या वर्षी जागा गेली. 2008 मध्ये पँथर्स सुटले, थोडे दिवस मायामी डॉल्फिन्सकडे गेले आणि त्याच हंगामात तो सिनसिनाटी बेंगल्समध्ये पोहोचला. तिथे 2009 मध्ये लेफ्ट गार्डची जागा त्याला आलटून पालटून मिळायची. 2010 मध्ये तो बहुतेक राखीवच राहिला.

असं फिरत राहणं ही आज लाइनमनची नेहमीची गोष्ट आहे, पण 1980 च्या दशकापर्यंत ती जवळपास अशक्य होती. करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. 1963 पासून लागू असलेल्या ‘रोझेल नियमा’नुसार दुसऱ्या संघाने असा खेळाडू घेतला तर जुन्या संघाला काय भरपाई द्यायची ते लीगचे प्रमुख, कमिशनर, ठरवत, आणि त्या धास्तीने कोणी पुढेच येत नसे. 1976 मध्ये खेळाडूंनी लढलेल्या मॅकी खटल्यात न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. पण नंतरच्या करारांत भरपाईची अट वेगळ्या रूपात टिकून राहिली.

1989 मध्ये आला ‘प्लॅन बी’. प्रत्येक संघाने आपले 37 खेळाडू राखून ठेवायचे, उरलेल्यांनी करार संपल्यावर हवं तिकडे जावं. यात एक उलटी गोष्ट घडली, आणि तिच्याकडे फार थोडं लक्ष जातं: बाजार आधी खुला झाला तो राखीव आणि मधल्या फळीतल्या खेळाडूंसाठी. तारे मात्र बांधलेलेच राहिले. सप्टेंबर 1992 मध्ये मिनिॲपोलिसच्या ज्यूरीने खेळाडू फ्रीमन मॅकनील आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या दाव्यात ‘प्लॅन बी’ स्पर्धाविरोधी ठरवला. 1993 मध्ये तडजोड झाली आणि खरी फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याची मोकळीक, सुरू झाली. त्या पहिल्याच मोसमात नावाजलेला बचावपटू रेगी व्हाइट ईगल्स सोडून ग्रीन बेला गेला, चार वर्षांचे 1 कोटी 70 लाख डॉलर घेऊन.

त्या बदल्यात मालकांनी सॅलरी कॅप मिळवली. एका संघाने एका वर्षात सर्व खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याची ती मर्यादा. 1994 मध्ये ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती. 2015 पर्यंत 14 कोटींच्या वर गेली. कॅप आली तसा प्रत्येक पगार दुसऱ्या कुणाच्या तरी पगाराशी भांडू लागला. आठ-दहा वर्षं खेळलेल्या लाइनमनचं किमान वेतन नवख्याच्या कितीतरी पुढे असतं, त्यामुळे पहिली कात्री त्याच्यावर चालायची. म्हणून 2002 मध्ये एक सवलत आणली गेली: अशा अनुभवी खेळाडूला एक वर्षाच्या किमान करारावर घेतलं तर पगार त्याला पूर्ण मिळतो, पण कॅपमध्ये तो दोन वर्षांच्या खेळाडूइतकाच धरला जातो. आज अनेक वयस्क लाइनमन टिकून आहेत ते या एका कलमामुळे. दुसरीकडे, हंगामाच्या पहिल्या आठवड्यात असा अनुभवी खेळाडू संघात असला की त्या वर्षाच्या मूळ पगाराची बहुतांशी हमी लागू होते. संघ ते टाळतात. त्यामुळे ऑगस्टचा शेवट ही या लोकांची सर्वांत वाईट वेळ.

2011 च्या उन्हाळ्यात, मालकांनी पुकारलेली टाळेबंदी उठल्यावर, मॅथिस एक वर्षाच्या करारावर फिलाडेल्फियाला आला. तिथे लाइनचे प्रशिक्षक म्हणून नुकतेच रुजू झाले होते हॉवर्ड मड, ज्यांनी इंडियानापोलिसमध्ये क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगसमोरची भिंत उभी केली होती. मड यांना अगडबंब देहांपेक्षा चपळ माणसं हवी असत. बहुतेक लाइनमन पास अडवताना मागे सरकत जागा करून घेतात. मड त्यांना पुढे झेपावून, समोरचा वेग पकडण्याआधीच भिडायला शिकवत. मॅथिसची पावलं याला अगदी साजेशी होती. त्याच वर्षी ईगल्सनी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत डॅनी वॉटकिन्स या गार्डला घेतलं होतं आणि सहाव्या फेरीत जेसन केल्सी नावाच्या सेंटरला. वॉटकिन्स टिकला नाही. केल्सी, मॅथिस आणि डावा टॅकल जेसन पीटर्स ही रांग मात्र जमली. पीटर्स तर ड्राफ्टमध्ये कुणी न उचललेला, कॉलेजात टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि चेंडूही झेलणारा, म्हणून खेळलेला गडी.

नेमक्या याच काळात मोजण्याची पद्धतही बदलत होती. इंग्लंडमधल्या नील हॉर्न्सबी यांनी सुरू केलेला प्रो फुटबॉल फोकस हा गट चित्रफिती पाहून प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीसाठी गुण देऊ लागला होता. त्यांच्या तक्त्यांत मॅथिस बेंगल्सच्या दिवसांतही चांगला दिसत होता. 2011 नंतर तो गार्डांमध्ये थेट शिखरावर किंवा त्याच्या जवळ असायचा. या गुणांवर आक्षेप आहेत, आणि ते रास्तही आहेत, कारण त्या चालीत खेळाडूला नेमकी कोणती जबाबदारी दिली होती हे बाहेरच्याला नेहमी कळत नाही. तरी गार्डच्या नावापुढे प्रथमच काहीतरी लिहिलं गेलं हे मोठंच होतं. मार्च 2012 मध्ये ईगल्सनी त्याच्याशी पाच वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार केला.

2013 मध्ये त्याचं कसब सर्वांना दिसलं. केली यांच्या पहिल्या वर्षी ईगल्सचे तेच पाच लाइनमन नियमित हंगामातले सगळे 16 सामने सुरुवातीपासून खेळले, जे फार क्वचित घडतं. रनिंग बॅक लशॉन मकॉयने 1,607 यार्ड पळून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. 8 डिसेंबरचा डेट्रॉइटविरुद्धचा सामना तर बघण्यासारखा आहे. मैदानावर इतका बर्फ की यार्डाच्या रेषा दिसेनात. अशा जमिनीवर बचाव करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, तो घसरतो. लाइनमनला मात्र आपण कुठे जाणार हे आधीच ठाऊक असतं. गार्ड आणि टॅकल एकाच माणसाला खांद्याने लोटतात, तो हलला की गार्ड त्याला सोडून बचावाच्या मागच्या रांगेतल्या लाइनबॅकरकडे सरकतो, आणि सोडण्याची ती वेळ किंचित चुकली तरी चाल फसते. ईगल्स 14-0 ने मागे होते. शेवटच्या चतुर्थांशात त्यांनी 28 गुण काढले आणि 34-20 ने जिंकले. मकॉयच्या नावे 217 यार्ड लागले, क्लबचा 1949 पासूनचा विक्रम मोडला.

मॅथिस गेल्यावर ईगल्सचा 2015 चा हंगाम 7-9 असा, सात विजय आणि नऊ पराभवांनी, संपला आणि केली यांना शेवटच्या सामन्याआधीच हाकललं गेलं. दुसरा गार्ड टॉड हेरेमन्स यालाही त्याच वर्षी सोडलं होतं. दोन्ही गार्ड एकदम घालवणं ही त्या वर्षातली मोठी चूक होती असं माझं मत आहे.

ऑगस्टमध्ये डेन्व्हर ब्राँकोसनी मॅथिसला एका वर्षासाठी घेतलं, मूळ रक्कम 25 लाख डॉलर. 2013 च्या ऑल-प्रो संघातला दुसरा गार्ड लुई व्हास्केझ तिथेच होता. डाव्या टॅकलवर रायन हॅरिस, ह्यूस्टन आणि कॅन्सस सिटी फिरून पुन्हा डेन्व्हरला आलेला, रायन क्लेडीच्या दुखापतीमुळे संधी मिळालेला. फेब्रुवारी 2016 मध्ये लीगचा अंतिम सामना, सुपर बोल 50, झाला तो मॅथिसच्या पहिल्या संघाविरुद्ध, कॅरोलायनाशी. डेन्व्हर 24-10 ने जिंकलं. लाइनसाठी तो दिवस सोपा नव्हता: आता डेन्व्हरकडून खेळणारा मॅनिंग पाच वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, एकूण 194 यार्डच निघाले, आणि सामना जिंकला तो बचावाने.

पुढचा हंगाम ॲरिझोना कार्डिनल्सकडे. घोट्याच्या दुखापतीने ऑक्टोबरमध्येच संपला, आणि कारकीर्दही तिथेच थांबली. 2018 मध्ये त्याचं नाव पुन्हा बातमीत आलं ते एका बेसबॉल कार्डामुळे: त्याच्या संग्रहातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं 1952 चं टॉप्स कंपनीचं कार्ड लिलावात 28 लाख 80 हजार डॉलरला गेलं.

गार्डचा भाव मात्र तो बाहेर पडता पडताच वधारू लागला होता. मार्च 2016 मध्ये कलेची ओसेमेली याला ओकलंड रेडर्सनी पाच वर्षांसाठी 5 कोटी 85 लाख डॉलर देऊ केले. मार्च 2024 मध्ये ईगल्सनी लँडन डिकरसनशी चार वर्षांचा 8 कोटी 40 लाखांचा करार केला, त्यातल्या 5 कोटींची हमी देऊन. डिकरसनही अलाबामा विद्यापीठाचा, आणि खेळतो लेफ्ट गार्डच्याच जागेवर.