ओपेरारी

ओपेरारी : ‘काम करणे, कामात गुंतलेले असणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद. कोशात ते प्रथमपुरुषी ‘ओपेरोर’ या रूपाखाली सापडते. रूप कर्मणी, अर्थ कर्तरी असलेल्या ‘डेपोनेंट’ धातूंपैकी हा एक.

व्युत्पत्ती : ‘ओपुस’ (काम, कृती) या नामावरून हा नामधातू बनला. ओपुसचे अंग मुळात सकारान्त (ओपेस्-) होते. दोन स्वरांमधील सकाराचा लॅटिनमध्ये रकार झाला. हा बदल साधारणतः इ. स. पू. चौथ्या शतकात पूर्ण झाला असावा. भगिनीभाषा ऑस्कनमध्ये मात्र सकार टिकला. पाँपेई येथील, बहुधा इ. स. पू. दुसऱ्या शतकातील, एका ऑस्कन शिलालेखात इमारत ‘बांधवून घेण्यास’ दिल्याचा उल्लेख असून तेथील ‘उप्सान्नाम’ हे रूप लॅटिन ‘ओपेरांदाम’शी तंतोतंत जुळते. ऑस्कन धातू कर्तरी चालतो. तेव्हा धातू जुना, इटालिक शाखेचा (लॅटिन, ऑस्कन इ. भाषांचा) सामाईक वारसा, आणि डेपोनेंट वळण लॅटिनचे स्वतःचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ऋग्वेदातील ‘अपस्’ (कर्म) हा ओपुसचा सख्खा सगोत्र शब्द. वैदिक ‘अप्नस्’ (संपत्ती, काम) व लॅटिन ‘ओप्स’ (संपत्ती, सामर्थ्य) हेही सामान्यतः याच मुळाशी जोडले जातात, हित्ती भाषेतील ‘श्रीमंत’ या अर्थाचा शब्दही पुष्कळांनी पुढे केला आहे. मुळात ‘काम’ आधी की ‘विपुलता’ आधी, याचा निर्णय झालेला नाही.

अर्थविस्तार : अभिजात कवींच्या भाषेत या धातूला विधीचा अर्थ ठळकपणे चिकटलेला दिसतो. व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’मध्ये हिरवळीवर सेरेस देवीचे वार्षिक पूजन करणाऱ्या शेतकऱ्यासाठी ‘ओपेरातुस’ हे रूप येते. हा अर्थ मूळचा असण्यापेक्षा अर्थसंकोचाने आलेला असावा. ‘फाकेरे’ (करणे) हे साधे क्रियापदही लॅटिनमध्ये यज्ञबलीसाठी वापरले जाई. जर्मन ‘ओप्फर्न’ (बळी देणे) चर्चच्या लॅटिनमधील ओपेरारीपासूनच आले असावे. ‘ओफ्फेरे’ (अर्पण करणे) हा पर्याय सुचवला जातो, पण जर्मन ‘प्फ’ मूळच्या पकारातून येतो, ‘फ्फ’मधून नव्हे.

लॅटिन बायबलच्या उत्पत्तीग्रंथात (२:१५) एदेन बागेची मशागत याच क्रियापदाने सांगितली आहे.

इटालियन ‘ओपेरारे’, स्पॅनिश व पोर्तुगीज ‘ओब्रार’ ही त्याची थेट रूपे होत. मराठीत रुळलेले ‘ऑपरेशन’, ‘ऑपरेटर’ हे शब्द इंग्रजीमार्गे याच धातूपासून आले.