सौर जलतापन, सार्वजनिक इमारतींतील

सौर जलतापन, सार्वजनिक इमारतींतील : रुग्णालये, वसतिगृहे, तुरुंग, अग्निशमन केंद्रे, सार्वजनिक तरणतलाव अशा इमारतींना लागणारे गरम पाणी उन्हाच्या उष्णतेवर तापवण्याची पद्धत. यात वीज तयार होत नाही. छतावरच्या संग्राहकात (कलेक्टर) पाणी किंवा दुसरा द्रव तापतो आणि ती उष्णता टाकीत साठवली जाते. घरगुती सोलर बंबाचेच तत्त्व इथेही आहे, मात्र वापराचा आकार, पाण्याची सुरक्षितता आणि देखभालीची जबाबदारी या तिन्ही बाबतींत सार्वजनिक इमारतीचा हिशेब वेगळा पडतो.

कोणत्या इमारतीला : रोज, वर्षभर, भरपूर गरम पाणी लागते तिथे ही यंत्रणा शोभते. स्वयंपाकघर, धुलाईघर आणि आंघोळी असलेल्या इमारती पहिल्या पसंतीच्या. निव्वळ कार्यालयाला गरम पाणी लागते ते हात धुण्यापुरते, तेथे नळाजवळचा छोटा विजेचा गीझर स्वस्त पडतो. शाळेचे तर उलटेच असते. कडक उन्हाच्या दिवसांत लांब सुट्टी असेल, तर ऊन भरपूर आणि पाणी वापरणारे कोणी नाही. तरणतलावाला 26–28 अंश सेल्सिअसचेच पाणी लागत असल्याने तिथे काच नसलेले काळ्या प्लॅस्टिकचे संग्राहक पुरतात. त्यांचे क्षेत्रफळ तलावाच्या पृष्ठभागाच्या साधारण निम्म्यापासून तेवढेच धरतात. रात्री तलावावर आच्छादन घातले नाही, तर दिवसाची बरीचशी कमाई बाष्पीभवनात जाते.

रचना : सपाट संग्राहकात तांब्याच्या नळ्या जोडलेला काळ्या लेपाचा पत्रा, वर कडक काच आणि खाली उष्णतारोधक थर असतो. निर्वात नळ्यांच्या संग्राहकात दुहेरी काचेच्या मधली हवा काढलेली असते, त्यामुळे थंडीत आणि जास्त तापमानाला तो सरस ठरतो. नळीच्या तळाशी चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला की निर्वात गेला आणि नळी बदलायला झाली, असे समजावे. उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडल्यास त्या तडकतात, म्हणून यंत्रणा पहाटे किंवा झाकून भरावी.

छोट्या यंत्रणेत गरम पाणी आपोआप वर चढते. त्यासाठी टाकीचा तळ संग्राहकाच्या वरच्या कडेपेक्षा निदान 30 सेंटिमीटर उंच हवा, नाहीतर रात्री प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी गार होते. मोठ्या इमारतीत पंप असतो. संग्राहकातले पाणी टाकीच्या तळाच्या पाण्यापेक्षा 6–8 अंशांनी गरम झाले की नियंत्रक पंप चालू करतो आणि फरक 2–3 अंशांवर आला की बंद करतो. पाणी जड (क्षारयुक्त) असेल किंवा हिवाळ्यात गोठत असेल, तर संग्राहकात ग्लायकॉल (गोठू न देणारे रसायन) मिसळलेला द्रव फिरवून उष्णता-विनिमयकातून, म्हणजे दोन द्रव न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या साधनातून, पाणी तापवतात. संग्राहकांच्या रांगा अशा जोडाव्यात की प्रत्येक रांगेचा जाणारा आणि येणारा मार्ग मिळून लांबी सारखी भरेल. तसे न केल्यास जवळच्या रांगेतून सारे पाणी जाते आणि टोकाची रांग नुसतीच तापत बसते.

आकारमान : 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1.163 वॉट-तास लागतात. 200 जणांच्या वसतिगृहात माणशी 60 अंशांचे 25 लिटर पाणी धरले, तर रोजचे 5,000 लिटर होतात. नळाचे पाणी 20 अंशांचे असेल, तर गरज सुमारे 233 किलोवॉट-तास. दिवसाला चौरस मीटरमागे 5.5 किलोवॉट-तास ऊन आणि 50 टक्के कार्यक्षमता धरल्यास 1 चौरस मीटर संग्राहक 2.75 किलोवॉट-तास देतो. म्हणजे पूर्ण गरजेला 85 चौरस मीटर लागतील. पण एवढे बसवू नयेत. उन्हाळ्यात नळाचे पाणी कोमट असते, मग जादा उष्णता कुठेच जात नाही आणि संग्राहक 150 अंशांपलीकडे तापून ग्लायकॉल आंबट होतो, तो पुढे धातू खातो. 60 चौरस मीटरवर थांबून सुमारे 70 टक्के गरज उन्हावर भागवणे शहाणपणाचे. टाकी संग्राहकाच्या चौरस मीटरमागे 50–75 लिटर असावी. माणशी आकडा पुस्तकातून घेण्यापेक्षा गार पाण्याच्या पुरवठा-नळीवर दोन आठवडे मीटर लावून मोजलेला बरा. फुगवलेल्या आकड्यावर बसवलेल्या यंत्रणा पुष्कळ दिसतात.

आरोग्य : 20 ते 45 अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. ढगाळ दिवशी सौर टाकी नेमकी याच तापमानात राहते. म्हणून सौर टाकीतले पाणी थेट नळाला न देता दुसऱ्या टाकीत मदतीच्या हीटरने 60 अंशांपर्यंत तापवून मग द्यावे. इमारतीच्या नळ्यांतून फिरून टाकीकडे परत येणारे पाणी 50 अंशांच्या खाली जाऊ नये. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, त्यामुळे रुग्ण, मुले आणि वृद्ध वापरतात त्या नळांवर मिश्रण-व्हॉल्व्ह (गार पाणी मिसळून तापमान उतरवणारा) लावणे टाळू नये.

धोरण : अमेरिकेत 2007 च्या ऊर्जा कायद्यानुसार नव्या आणि मोठे नूतनीकरण होणाऱ्या संघीय इमारतींनी गरम पाण्याच्या गरजेपैकी किमान 30 टक्के गरज सौर उष्णतेवर भागवावी लागते, मात्र आयुष्यभराच्या खर्चाच्या हिशेबात ती परवडत असेल तरच. त्याआधी 1979 मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात व्हाइट हाउसवर 32 संग्राहक बसले होते. 1986 मध्ये छताच्या दुरुस्तीसाठी ते उतरवले आणि पुन्हा चढवले नाहीत. पुढे मेन राज्यातील युनिटी कॉलेजने ते आपल्या भोजनगृहासाठी वापरले. छतदुरुस्ती ही सार्वजनिक इमारतींतल्या यंत्रणांची जुनी वैरीण आहे. म्हणून आधी जलरोधन नवे करावे आणि मगच आधार-चौकटी बसवाव्यात. भरलेल्या 1,000 लिटरच्या टाकीचे वजन टनापेक्षा जास्त भरते, तेव्हा स्लॅबची तपासणीही त्याच वेळी व्हावी.

बिघाड : जड पाण्याचे क्षार नळ्यांत बसतात, हवा अडकून प्रवाह थांबतो, सेन्सरची वायर सुटते, दाब सोडणारा व्हॉल्व्ह गळतो. यांतले काही महाग नाही. महाग पडते ते न कळणे. मदतीचा हीटर तत्परतेने पाणी तापवत राहतो, नळाला गरम पाणी येतच असते, कोणी तक्रार करत नाही आणि सोलर महिनोन्‌महिने बंद पडून राहतो. वीजबिल वाढले तरी ते दुसऱ्याच विभागात भरले जाते. यावर उपाय म्हणजे संग्राहक ते टाकी या नळीमार्गावर उष्णता-मीटर, हीटरला वेगळा वीज-मीटर आणि दोन्हींची साप्ताहिक नोंद. स्वच्छ उन्हाच्या आठवड्यात सौर आकडा अपेक्षेच्या निम्म्यावर आला, तर माणूस छतावर पाठवावा. काचा पुसणे, अ‍ॅनोड (टाकीला गंजापासून वाचवणारी धातूची कांडी) पाहणे, ग्लायकॉलची आम्लता तपासणे ही कामे वर्षातून निदान एकदा व्हावीत. निविदेत पाच वर्षांची देखभाल उभारणीच्याच करारात धरावी आणि देयकाचा काही भाग मीटरवर दिसणाऱ्या उष्णतेशी बांधावा.