अल्झायमरग्रस्तांच्या देखभालीचा खर्च

अल्झायमर झालेल्या माणसाची देखभाल करताना कुटुंबाला आणि शासनाला पैशांच्या, वेळेच्या व बुडालेल्या कमाईच्या रूपाने सोसावा लागणारा भार. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्क्यांना अल्झायमर असतो. त्यामुळे उपलब्ध आकडे बहुधा एकूण स्मृतिभ्रंशाचेच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशाचा एकूण खर्च जगभरात १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यात डॉक्टर, तपासण्या, औषधे व रुग्णालय यांचा वाटा जेमतेम १६ टक्के, तर शुश्रूषागृहे व पगारी मदतनिसांचा सुमारे ३४ टक्के. उरलेला निम्मा खर्च कोणत्याही बिलावर दिसत नाही, कारण तो घरच्यांच्या वेळेचा आहे. घरचा माणूस रोज सरासरी पाच तास देतो आणि अशा एकूण तासांपैकी ७० टक्के स्त्रियांचे असतात.

या तासांची किंमत ठरवणे हा या विषयातला खरा वादाचा मुद्दा. एक रीत बुडालेली कमाई मोजते; दुसरी तेच काम पगारी माणसाकडून करून घेतले तर किती द्यावे लागतील, ते पाहते. पहिल्या रीतीने नोकरी सोडलेल्या मुलीचा तास महाग ठरतो आणि निवृत्त पत्नीचा जवळजवळ फुकट, काम एकच असूनही. शिवाय अंघोळ घालणे, भरवणे ही कामे मोजता येतात. पण स्वयंपाक करता करता दाराकडे ठेवलेले लक्ष किती तासांचे धरायचे? मधल्या टप्प्यात रुग्ण नकळत घराबाहेर पडतो, रात्री जागतो, तेव्हा देखभालीचा मोठा भाग अशी राखणच असते. शेवटी अंथरूण धरल्यावर डायपर, शय्याव्रण (पडून राहून होणाऱ्या जखमा), गिळण्याचा त्रास यांची भर पडते.

सुमारे ६१ टक्के रुग्ण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, खर्च मात्र ७४ टक्के श्रीमंत देशांत नोंदला जातो. याचा अर्थ गरीब देशांत देखभाल कमी होते असा नव्हे. तिथे पगारी सेवा तुटपुंज्या, आणि मजुरीचे दर कमी म्हणून घरच्यांचा तासही स्वस्त धरला जातो.

डोनेपेझिलसारखी जुनी औषधे लक्षणांपुरती उपयोगी पडतात. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेकानेमॅब या औषधाची किंमत तिथे वर्षाला २६,५०० डॉलर ठेवण्यात आली. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहण्यासाठी लागणारे एमआरआय वेगळे. हे औषध सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे आणि त्याने आजाराचा वेग थोडा मंदावतो, आजार थांबत नाही. शिरेतून ते सुरुवातीला दर पंधरवड्याला घ्यायचे, तर रुग्णाला नेण्या-आणण्यासाठी घरातले कोणीतरी मोकळे लागतेच.