व्हील फिटमेंट आणि स्पेसर

गाडीची मूळ चाके काढून बाहेरून घेतलेली चाके बसवताना ती हबवर, म्हणजे चाक ज्यावर आवळले जाते त्या फिरत्या भागावर, नीट टेकावीत, ब्रेक किंवा सस्पेन्शनला न घासता फिरावीत आणि फेंडरच्या कडेखाली मावावीत, यासाठी मापांचा जो मेळ घालावा लागतो त्याला व्हील फिटमेंट म्हणतात. मेळ बसत नसेल तेव्हा चाक आणि हब यांच्यामध्ये धातूची चकती घालून चाक बाहेर सरकवतात. ही चकती म्हणजे स्पेसर. स्पोर्ट्स कारमध्ये कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग) मोठे, टायर रुंद आणि गाडी जमिनीलगत असल्यामुळे चाकाभोवतीची जागा मुळातच बेताची असते.

पहिली अट छिद्रांची. छिद्रांची संख्या आणि ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, जुळलाच पाहिजे. पोर्श ९११ चा ५×१३०, म्हणजे १३० मि.मी.च्या वर्तुळावर पाच छिद्रे, टोयोटा ८६ चा ५×१००. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांना ४×१००, तिसरीला ५×११४.३ आणि चौथीला पुन्हा ४×१००. तेव्हा गाडीचे नाव तेच म्हणून चाक बसेलच असे नाही. ११४.३ आणि ११२ यांत फरक जेमतेम २.३ मि.मी., म्हणून नट ओढूनताणून आवळले जातातही. पण ते तिरके बसतात आणि सैल होतात. हबच्या मधल्या उंचवट्यापेक्षा चाकाचे मधले भोक मोठे असेल तर रिंग घालून फट भरता येते. रिंगचे काम चाक मध्यावर आणण्यापुरतेच. भार पेलते ते नटांच्या आवळणीमुळे दोन पृष्ठभागांत निर्माण होणारे घर्षण.

खरी गुंतागुंत ऑफसेटची. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबवर टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट; रिमवर ते ‘ईटी’ या खुणेपुढे मि.मी.मध्ये दिलेले असते. हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण. आकडा जितका मोठा तितके चाक आत. बहुतेकांचा घोटाळा होतो तो ऑफसेट पाहून रुंदी विसरल्यामुळे. समजा, मूळ चाक ८ इंच रुंद, ईटी ४५ आणि नवे ९.५ इंच, ईटी ३५ आहे. रुंदी ३८.१ मि.मी.ने वाढली, ती दोन्ही बाजूंना १९.०५ अशी वाटली जाते. ऑफसेट १० ने घटला म्हणून अख्खे चाक १० मि.मी. बाहेर आले. परिणामी बाहेरची कड २९.०५ मि.मी. बाहेर गेली, आणि चाक बाहेर सरकूनही आतली कड ९.०५ मि.मी. शॉक ॲब्सॉर्बरच्या जवळ गेली. त्याच चाकामागे ५ मि.मी.चा स्पेसर घातला की ते ईटी ३० असल्यासारखे वागते. आत ५ मि.मी. सुटतात, तेवढेच फेंडरच्या बाजूने वजा होतात.

कॅलिपरबाबत मात्र हे गणित गप्प बसते. रुंदी, व्यास, ऑफसेट सगळे सारखे असूनही एका चाकाचे आरे कॅलिपरवरून सुटतात, दुसऱ्याचे अडकतात. ते आऱ्यांच्या वळणावर ठरते. आरे अडत असतील तर स्पेसर उपयोगी पडतो. रिमचा नळाच कॅलिपरला भिडत असेल तर बहुधा मोठ्या व्यासाचे चाक लागते. कॅलिपरवर खेळण्यातल्या मातीच्या दोन-तीन गोळ्या चिकटवायच्या, चाक लावून हाताने एक फेरा फिरवायचा, उतरवून दबलेल्या गोळीची जाडी मोजायची. एवढी साधी चाचणी पुष्कळ पैसे वाचवते.

टायरवरचा आकडाही जसाच्या तसा खरा मानू नये. २४५ असे छापलेले दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्ष रुंदीत काही मि.मी.नी वेगळे निघतात. व्यासाचे गणित तुलनेने सरळ आहे: २२५/४५ आर १७ (२२५ मि.मी. रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) टायरचा व्यास सुमारे ६३४ मि.मी., २४५/४० आर १८ चा ६५३, म्हणजे ३ टक्के जास्त. २४५/३५ आर १८ घेतला तर ६२९. गाडी उभी असताना सुटलेले चाक रस्त्यावर सुटेलच असेही नाही. स्प्रिंग काढून हब जॅकने पूर्ण वर उचलावा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून पाहावे. एवढे न करणाऱ्याला महिन्याभरात फेंडरच्या आतल्या लायनरवर गुळगुळीत घासलेला पट्टा दिसतो.

स्पेसर बदनाम आहे, आणि ती बदनामी निम्मीच खरी आहे. पोर्शने काही ९११ मॉडेलसाठी स्वतःच ५ मि.मी.चे स्पेसर दिले आहेत. बिघडते ते आट्यांच्या हिशेबात. एम१२×१.५ स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या १२ मि.मी. जाड आणि दर १.५ मि.मी.ला एक आटा असलेल्या दांड्यावर, ५ मि.मी.चा स्पेसर आला की नटाला तीनहून अधिक आटे कमी मिळतात. स्टडच्या व्यासाइतकी, म्हणजे इथे १२ मि.मी. किंवा आठ पूर्ण फेरे, पकड हवी, हा रूढ दंडक आहे. ती मिळत नसेल तर लांब स्टड किंवा बोल्ट घालावे लागतात. पातळ स्पेसर हबचा उंचवटाही गिळतो, मग चाक मध्यावर धरायला काही उरत नाही. साधारण २० मि.मी.पासून पुढचे स्पेसर हबला वेगळे आवळले जातात आणि त्यांना स्वतःचे स्टड असतात. त्यांत मूळ स्टड स्पेसरबाहेर डोकावत असतील तर चाक सपाट टेकत नाही. दोन स्पेसर एकावर एक लावणे हा प्रकार मात्र समर्थनीय नाहीच. नटाची बैठकही पाहावी: ६० अंशांच्या शंकूसाठी घडवलेल्या चाकाला गोल बैठकीचा नट लावला तर तो फक्त एका रेषेवर टेकतो.

चाक बाहेर आल्याने स्टिअरिंगच्या अक्षापासून त्याचे अंतर, म्हणजे स्क्रब रेडियस, बदलते. खड्डे आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्या हातांना जास्त जाणवू लागतात, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि चाकाला लांब तरफ मिळाल्याने स्प्रिंग किंचित मऊ भासते. ५ मि.मी.ला हे जेमतेम कळते, २५ ला चांगलेच. त्यामुळे योग्य ऑफसेटचे चाक मिळत असताना चुकीचे घेऊन स्पेसरने ते दुरुस्त करणे हा उलटा व्यवहार ठरतो.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा लागतो. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चाक डुगडुगते. नट चाक जमिनीवर टेकण्याआधी ताऱ्याच्या क्रमाने आवळून, मग टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतल्या मापापर्यंत न्यावेत आणि पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. हबला आवळलेल्या स्पेसरचे आतले नट तपासायला चाक उतरवावे लागते, आणि नेमके तेच पुष्कळदा राहून जाते.